हिरवळीखालच्या अडतीस जणी

तिला सगळे करवत म्हणायचे. हे नाव का पडलं याची दोन कारणं होती आणि लोक आपापल्या सोयीनं त्यातलं एक सांगायचे. पहिलं म्हणजे वाळक्या फांद्या कापायची वाकडी करवत कायम तिच्या कमरेला लटकलेली असायची. दुसरं म्हणजे तिची जीभ. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणायचा, "पहिली निदान म्यानात तरी जाते."

जुन्या दफनभूमीत ती अठ्ठावीस वर्षं माळीणकाम करत होती. जागा दोनशे वर्षांची, आणि गेल्या चाळीस वर्षांत तिथे कुणाला पुरलेलं नव्हतं. मधल्या टेकाडावर शहरातले बडे लोक संगमरवराखाली झोपलेले. उतारावर साधे दगड, त्यांची अक्षरं झिजून गेलेली. पूर्वेला टेकाडाच्या पायथ्याशी एक सपाट, मोकळी हिरवळ होती, तिच्यावर एकही दगड नव्हता. ही हिरवळ करवत इतरांना कापू द्यायची नाही. गवत कापायचं यंत्र तिथे कधी फिरलं नाही. ती गुडघ्यावर बसून, हातातल्या कात्रीनं, चार दिवस खपून ते गवत कापायची. बाकीचे माळी हसायचे. पुढे ते निवृत्त झाले, त्यांच्या जागा भरल्या गेल्या नाहीत, आणि हसायलाही कुणी उरलं नाही.

मग दफनभूमीला चांगले दिवस आले. एक समिती नेमली गेली. इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक तिचे अध्यक्ष झाले आणि कार्यक्रम आखायला एक तरतरीत मुलगी नोकरीला आली. करवत तिला कार्यक्रमवाली म्हणायची, आणि हळूहळू सगळेच म्हणायला लागले. दर रविवारी लोकांसाठी फेरी सुरू झाली. शाळांच्या चित्रकलेच्या सहली यायला लागल्या. हिवाळ्यात पक्ष्यांची मोजणी, पहाटे म्हाताऱ्यांचा व्यायाम, झाडाखाली वाचन. करवतीला यातलं पुष्कळसं आवडलं, हे सांगायलाच हवं. वर्षानुवर्षं जिथे कुत्रं फिरकत नव्हतं, तिथे माणसं यायला लागली. मुलांना ती स्वतः हिंडवायची. एखादं पोरगं थडग्यावर चढून बसलं की मात्र ओरडायची, "ऊठ! आजोबांच्या मांडीवर असाच बसतोस का, बुटांसकट?"

तिचं बिनसलं ते रविवारच्या फेरीवरून. फेरी न्यायला समितीनं एक नट नेमला होता. काळा लांब कोट, हातात काठी, आवाज असा की शेवटच्या रांगेतला बहिराही दचकावा. टेकाडावरच्या सर्वांत मोठ्या थडग्यापाशी आला की तो काठी टेकायचा आणि आवाज खाली आणायचा. ते थडगं काडेपेटीच्या कारखान्याच्या मालकाचं होतं.

"ऐंशी वर्षांपूर्वीची ती दुपार," नट म्हणायचा, "कारखान्याला आग लागली. आत पोरी होत्या, बारा-पंधरा वर्षांच्या. मालक मागचापुढचा विचार न करता ज्वाळांत शिरले. अकरा जणींना त्यांनी या हातांनी, या हातांनी बाहेर काढलं!" आणि तो आपलेच हात पुढे करायचा. बायका डोळ्यांना रुमाल लावायच्या.

जवळच्या कुंपणाशी करवत मेंदी छाटत असायची. नटाचा आवाज जितका खाली जाई, तितका तिच्या कात्रीचा आवाज चढे. एकदा तर तिनं अख्खं कुंपण गुडघ्याइतकं करून ठेवलं.

"बाई, तुमचं माझ्याशी काही वाकडं आहे का?" नटानं एकदा विचारलं.

"तुमच्याशी नाही. तुमच्या तोंडातून जे निघतं, त्याच्याशी आहे."

"मला लिहून दिलंय तेवढं मी बोलतो."

"पोपट झालात म्हणजे," असं म्हणून तिनं पाठ फिरवली.

हे असंच चालत राहिलं असतं. पण उन्हाळ्याच्या तोंडावर समितीनं सायंकाळच्या गाण्याची मोठी मैफल ठरवली. मैफलीला मालकाच्या पणतूचा भक्कम हातभार होता. तो समितीतही होता. जागा ठरली पूर्वेची हिरवळ. वाद्यांसाठी मंच, चारशे खुर्च्या, कडेनं खाण्यापिण्याच्या टपऱ्या.

करवतीला कुणी सांगितलं नव्हतं. एका मंगळवारी सकाळी ती तिकडे गेली, तर दोन माणसं हिरवळीत लोखंडी खुंट्या ठोकत होती. हातहात लांबीच्या.

"अरे, थांबा! काय करताय?"

"मंचाचं माप घेतोय बाई. ऑफिसनं पाठवलंय."

तिनं एक खुंटी दोन्ही हातांनी हलवून उपटली. टोकाला काळी ओली माती होती. ती खुंटी तशीच हातात धरून ती तडक ऑफिसात गेली.

ऑफिस म्हणजे फाटकाजवळची पहारेकऱ्याची जुनी खोली. दोन टेबलं, चहाची किटली, भिंतीवर काचेआड दफनभूमीचा नकाशा. अध्यक्ष, कार्यक्रमवाली आणि पणतू तिघंही तिथे होते. टेबलावर मैफलीच्या छापील पत्रिकांचा गठ्ठा होता. करवतीनं मातीची खुंटी त्याच्यावर आपटली.

"तिथे खाली मुली आहेत."

कार्यक्रमवालीनं चमकून वर बघितलं. "कुठल्या मुली?"

"काडेपेटीच्या कारखान्यात जळालेल्या. अडतीस जणी. त्यांच्या छातीवर तुम्ही खुर्च्या मांडणार?"

अध्यक्ष सभ्य गृहस्थ होते. ते उठले, तिला नकाशापाशी घेऊन गेले आणि बोट ठेवलं. "हे वाचा. 'मोकळी जागा.' दीडशे वर्षांपूर्वीचा नकाशा आहे हा."

"आग ऐंशी वर्षांपूर्वी लागली. त्या वर्षाचं दफनाचं रजिस्टर काढा की."

"ते वाळवीनं खाल्लं."

"बरोबर तेवढंच वर्ष खाल्लं? वाळवी शिकलेली दिसते."

कार्यक्रमवालीला हसू आलं, तिनं ते दाबलं. अध्यक्ष हसले नाहीत. "तुमच्याकडे काही कागद आहे का? फोटो, पत्र, काहीही?"

"माझ्या सासूनं सांगितलंय. तिची थोरली बहीण आहे तिथे."

"ऐकीव गोष्टींचा मी आदर करतो," अध्यक्ष म्हणाले, आणि लहान मुलाची चूक पोटात घालताना माणूस जसं हसतो तसं हसले. "पण तेवढ्यावर संस्था चालत नाही."

त्या हसण्यानं करवतीच्या कानशिलाच्या शिरा ताडताड उडायला लागल्या. तेवढ्यात खिडकीजवळचा पणतू बोलला. माणूस चाळिशीचा, बोलायला मऊ. "आमच्या घरी असं सांगतात की त्या मुलींना ज्याच्या त्याच्या गावी नेलं होतं. पणजोबांनी गाड्या दिल्या होत्या."

"तुमच्या पणजोबांनी कुलूप दिलं होतं," करवत म्हणाली. "बाहेरून."

 मग कार्यक्रमवाली हलकेच म्हणाली, "बाई, आपण नंतर बोलू या का?" आणि तिला दारापर्यंत सोडायला आली. हात धरून. जशी एखादी भ्रमिष्ट बाई असावी.

घरी आल्यावर तिनं चपला अशा भिरकावल्या की एक थेट मोरीत गेली. नवरा खिडकीत बसून दाढी करत होता. तो बसगाड्यांचा मेकॅनिक, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेला. त्यानं आरशातून बघितलं आणि वस्तरा खाली ठेवला.

"कुणाला फाडलंस आज?"

तिनं सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. ती त्याच्या आईचीच गोष्ट होती, पण आईनं ती त्याला कधी धड सांगितली नव्हती. सांगितली ती सुनेला.

आणि त्या सासू-सुनेचं बावीस वर्षांत, सासू जाईपर्यंत, कशावरही एकमत झालं नव्हतं. मीठ किती, पडदे कुठले, खिडकी उघडी की बंद. पण करवतीला दफनभूमीत काम लागलं, त्या दिवशी सासू तिच्यासोबत पूर्वेच्या हिरवळीपर्यंत आली होती. काठावर उभी राहून म्हणाली होती, "इथे यंत्र फिरवायचं नाही. माझी बहीण आहे."

आग लागली तेव्हा सासू सहा वर्षांची होती. तिची बहीण पंधराची, काडेपेट्यांना चिठ्ठ्या चिकटवायची. पोरी सुट्टीआधी सटकू नयेत, ओच्यात काड्या नेऊ नयेत म्हणून दाराला बाहेरून कुलूप असायचं. किल्ली मुकादमाकडे. त्या दुपारी मुकादम जेवायला गेला होता आणि मालक शहरात नव्हताच. सासूचा बाप धावत पोचला तेव्हा भिंत पडली होती, पण दाराची चौकट उभी होती आणि चौकटीला कुलूप तसंच लोंबत होतं. त्यानं ते ओढलं. हाताची साल निघाली. पुढे मरेपर्यंत त्याच्या तळहातावर गुळगुळीत गुलाबी डाग होता, आणि लहानपणी सासू त्यावर बोट फिरवत झोपायची.

तिसऱ्या दिवशी पोरींना गाड्यांतून इथे आणलं. घरच्यांना फाटकाबाहेर अडवलं, पोलीस उभे केले. सासूचा बाप मागच्या भिंतीवर चढला आणि तिथून त्यानं बघितलं. वीस-पंचवीस जण खणत होते. सकाळपासून अंधार पडेपर्यंत. त्यानं एकेक मोजली. दगड कुणी लावला नाही, लावू दिला नाही. बारा वर्षांनी मालक गेला, तेव्हा त्याला बरोबर वरच्या टेकाडावर पुरलं, आणि ज्वाळांत शिरल्याची कहाणी त्याच्या दगडावर कोरली.

"कागद मागतायत," करवत म्हणाली. "तुझ्या आजोबाचा हात कापून ठेवायला हवा होता. कागद म्हणून."

नवऱ्यानं तोंडावरचा साबण पुसला. "मग काय करणार आहेस?"

 तिला नोकरीतलं दुसरं वर्ष आठवलं. त्या उन्हाळ्यात मुख्य नळ फुटून महिनाभर दफनभूमीला पाणी नव्हतं. तेव्हा हिरवळीत तिला काहीतरी दिसलं होतं, पुसट, आणि लगेच वळवाचा पाऊस आला होता. माळ्याला हे समजतं. एकदा खोल खणून परत भरलेली माती भुसभुशीत राहते, तळाशी ओल धरते. तिच्यावरचं गवत शेवटपर्यंत तग धरतं. न खणलेली जमीन टणक असते, तिच्यावरचं गवत आधी जळतं.

"काहीच नाही करणार," ती म्हणाली. "पाणीच नाही घालणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पूर्वेच्या पाइपाचा व्हॉल्व्ह बंद केला. मैफलीला अजून चार आठवडे होते. ऊन असं तापलेलं की दगडाला हात लावायची सोय नव्हती. दहाव्या दिवशी कार्यक्रमवाली धावत आली.

"बाई, गवत पिवळं पडतंय!"

"पडू दे. पाणी तोडलं की मुळं खोल जातात. चारशे माणसं नाचणार ना त्यावर? गवत घट्ट नको?"

हे अगदीच खोटं नव्हतं. कार्यक्रमवालीला पटलं. ती गेली, आणि करवतीला जरा वाईट वाटलं, कारण पोरगी मनानं वाईट नव्हती. पण ते वाटणं तिनं कात्रीसारखं मिटून ठेवलं.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी ती टेकाड चढून वर गेली. खालून बघितलं तर हिरवळीवर नुसते ठिपके, डाग, रोग लागल्यासारखे. पण वरून, मालकाच्या थडग्यापासून बघितलं आणि ती जागच्या जागी थांबली. पिवळ्या गवतात हिरवे चौकोन उठले होते. लांबट, माणसाच्या अंगाएवढे, काही तर त्याहूनही आखूड. एकाशेजारी एक, रांगेनं, चार रांगा.

ती रडली नाही. तिला राग आला, इतका की दात आवळून जबडा दुखायला लागला. अठ्ठावीस वर्षं ती सांगत होती असं नाही. अठ्ठावीस वर्षं ती गप्प कात्री चालवत होती, आणि वर हा माणूस संगमरवराखाली हिरो होऊन पडला होता. राग थोडा स्वतःवरही होता.

दुपारी तिनं नवऱ्याला आणून दाखवलं. तो थडग्याला टेकून उभा राहिला, मग ते कुणाचं आहे हे ध्यानात येऊन चटकन बाजूला झाला.

"यातली मावशी कुठली?" त्यानं विचारलं.

"माहीत नाही रे."

 घरी जाताना बसमध्ये तो तिचा हात धरून बसला. लग्नाला चौतीस वर्षं झाली होती, आणि असं चारचौघांत त्यानं कधी केलं नव्हतं.

शनिवारी तिला लेखी हुकूम मिळाला: पूर्वेच्या हिरवळीला ताबडतोब पाणी सुरू करावे. तिनं तो घडी करून खिशात घातला. रविवारी सकाळी नळवाला येणार होता. तो यायच्या आत करवत व्हॉल्व्हच्या लोखंडी झाकणावर जाऊन बसली. मांडीवर करवत.

नळवाला आला, त्यानं तिच्याकडे बघितलं, मांडीवरच्या वस्तूकडे बघितलं आणि विडी ओढायला झाडाखाली गेला. मग कार्यक्रमवाली आली. मग अध्यक्ष आले, मागून पणतू.

"उठा," अध्यक्ष म्हणाले. आता ते हसत नव्हते.

"नाही."

"ही सरळ सरळ शिस्तभंगाची बाब आहे."

"लिहा तसं. मराठी शुद्ध लिहा फक्त."

"तुम्हाला नेमकं हवंय काय?"

"टेकाडावर चला. शंभर पावलं आहेत. तेवढी चाललात की मी उठते."

अध्यक्ष गेले नाहीत. नोकरानं बोलावलं म्हणून टेकाड चढायचं, हे त्यांच्याच्यानं होईना. पण दहा वाजले होते, आणि रविवारची फेरी वर पोचली होती. पस्तीस-चाळीस माणसं थडग्याभोवती जमली. नटाचा आवाज खाली आला, "ऐंशी वर्षांपूर्वीची ती दुपार…"

करवत उठली नाही. बसल्या जागेवरून तिनं सगळा जीव घशात आणून आरोळी ठोकली. "अहो, थडग्याकडे काय बघताय! माझ्याकडे वळा! खाली बघा, गवताकडे!"

लोक वळले. आधी नुसतीच कुजबुज झाली. मग एका बाईचा आवाज आला, "अगं बाई, या कबरी आहेत." तिच्याजवळचे दोघं-तिघं मोबाइल काढून पुढे सरकले. कुणीतरी मोजायला लागलं. नट थडग्याला वळसा घालून टेकाडाच्या कडेला आला. त्यानं टोपी काढली. त्याचे ओठ हलत होते, तो मोजत होता. मग तो काठी टेकत उतार उतरून खाली आला, थेट तिच्यासमोर.

"किती जणी म्हणालात?"

"अडतीस."

"मी दोनदा मोजलं. सदतीस आहेत."

अध्यक्षांनी लगेच मान वर केली. "बघा. एवढ्यासाठीच मी पुरावा मागत होतो."

करवत त्यांच्याकडे वळली. तिचा आवाज कधी नव्हे तो बारीक झाला होता. "दोघी सख्ख्या बहिणी होत्या. एकमेकींना मिठी मारून सापडल्या. सोडवता येईनात, म्हणून एकाच खड्ड्यात ठेवल्या. माझ्या आजेसासऱ्यानं भिंतीवरून बघितलं. सासूनं मला सांगितलं तेव्हा मी वाद घातला होता. म्हटलं, सासूबाई, तुमचा आकडा चुकतोय. सदतीस खड्डे म्हणता आणि अडतीस पोरी म्हणता."

 अध्यक्षांनी चष्मा काढला. मग ते शंभर पावलं चालून टेकाडावर गेले. इतिहास शिकवण्यात आयुष्य घालवलेला माणूस होता तो. वरून खाली येताना त्यांचा चेहरा बदलला होता. कार्यक्रमवाली खाली हिरवळीच्या काठावर उभी राहून रडत होती, आणि बरोबर आणलेला मंचाचा आराखडा तिनं चुरगाळून पर्समध्ये कोंबला होता. पणतू तेवढा वर गेला नाही. तो फाटकाकडे चालता झाला.

मैफल त्या जागी झाली नाही. पण गोष्ट इथे सरळ झाली असं कुणाला वाटत असेल, तर त्यानं समित्या बघितलेल्या नाहीत. सोमवारी करवतीला हुकूम न पाळल्याबद्दल पंधरा दिवस घरी बसवलं. आणि त्याच बैठकीत ठरलं की हिरवळीवर एक फलक लावायचा: 'दुर्दैवी अपघातात मृत्यू पावलेल्या अनोळखी कामगार मुलींच्या स्मृतीस.' ही बातमी नटानं तिला घरी येऊन सांगितली. कोटाशिवाय तो अगदी किरकोळ दिसत होता, एखाद्या पोस्टमनसारखा.

"अनोळखी?" करवत ताडकन उभी राहिली. "कुणाला अनोळखी? त्यांच्या आया त्यांना काय नंबरानं हाका मारत होत्या?"

"नावं कुणाकडेच नाहीत, बाई."

"तुम्ही विचारलंत कुणाला?"

कारखान्याच्या मागची वस्ती अजून होती. तिथे जुनी घरं पाडून चार मजली इमारती झाल्या होत्या, पण पुष्कळ कुटुंबं तीच. करवत दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे गेली आणि पहिल्या इमारतीचं पहिलं दार ठोठावलं. नट सोबत होता. मी इतकी वर्षं खोटं बोललो, तर थोडे जिने चढतो, असं तो म्हणाला. काही दारं तोंडावर बंद झाली. काही घरांत चहा मिळाला. एका घरात पंच्याऐंशी वर्षांच्या म्हातारीनं नुसतं "काडेपेटीचा कारखाना" ऐकलं आणि पलंगावर भिंतीकडे तोंड केलं. अर्ध्या तासानं ती तशीच, पाठमोरी बोलली. आत्याचं नाव, दोन मैत्रिणींची नावं, आणि त्यातली एक डावखुरी होती हे. एका घरात खरं नाव कुणाला ठाऊकच नव्हतं. घरचे तिला चिमणी म्हणायचे, एवढंच. करवतीनं वहीत चिमणी लिहिलं.

तेरा दिवसांत एकतीस नावं झाली. सात जणींचं काहीच सापडलं नाही.

फलक लावायच्या दोन दिवस आधी तिनं वही अध्यक्षांसमोर ठेवली. त्यांनी सगळी पानं वाचली, सावकाश. मग म्हणाले, "माझं मन सांगतं हे खरं आहे. पण फलक तयार झालाय. आणि समितीत सगळे माझं ऐकत नाहीत."

"म्हणजे त्या घराण्याचं ऐकतात."

अध्यक्षांनी वही तिच्याकडे सरकवली. करवतीला त्यांची कीव आली, आणि आपल्याला कीव आली याचा तिला आणखी राग आला. तिनं वही उचलली.

फलकाच्या दिवशी भाषणं होती. खुर्च्या हिरवळीबाहेर मांडल्या होत्या, एवढी सुधारणा झाली होती. वस्तीतून सत्तरेक माणसं आली, बरीचशी म्हातारी. पडदा दूर झाला. टाळ्या थोड्या. पुढचं भाषण सुरू व्हायच्या आत करवत आपल्या मळक्या कामाच्या कपड्यांत पुढे गेली. कार्यक्रमवाली ध्वनिक्षेपकापाशी उभी होती. दोघींची नजरानजर झाली. त्या पोरीनं अध्यक्षांकडे बघितलं नाही, पणतूकडे बघितलं नाही. तिनं माइक करवतीच्या हातात दिला.

"यांना अनोळखी म्हणतायत," करवत म्हणाली. "आता ओळख करून घ्या."

तिनं एकेक नाव वाचलं. ज्यांची कुणी होती, ते नाव येताच उभे राहिले. न सांगता. पहिल्या नावाला एक म्हातारा उठला, काठी धरून. मग दोन बहिणी. मग अख्खं कुटुंब. भिंतीकडे तोंड करणारी म्हातारी चाकाच्या खुर्चीत होती, तिनं हात वर केला. चिमणी म्हटल्यावर मागून कुणीतरी हुंदका दिला. आपल्या मावशीच्या नावाला करवतीचा नवरा उभा राहिला, इस्त्रीच्या शर्टात, शाळेत हजेरीला राहावं तसा ताठ. शेवटी ती म्हणाली, "सात जणी राहिल्या. त्या सापडेपर्यंत मी गप्प बसणार नाही. आणि हा अपघात नव्हता. दाराला बाहेरून कुलूप होतं."

पणतू उठून गेला नाही, हेही सांगायला हवं. तो मान खाली घालून बसून राहिला. नंतर त्यानं वही बघायला मागितली. करवतीनं दिली नाही. "छापल्यावर वाचा," म्हणाली.

चौदा महिन्यांनी फलक बदलला. नव्या फलकावर नावं आहेत, आता तेहतीस. नटाच्या फेरीतून ज्वाळांची कहाणी गेली, टेकाडावरच्या दगडावर मात्र ती अजून कोरलेली आहे. आणि कुलूप हा शब्द फलकावर काही आला नाही. करवतीनं त्यासाठी सहा अर्ज केले. सहावा तर कार्यक्रमवालीनंच तिला टाइप करून दिला. उत्तर दर वेळी तेच: विचाराधीन.

ती गेल्या वर्षी निवृत्त झाली. पण दर गुरुवारी सकाळी ती पूर्वेच्या हिरवळीची फेरी नेते. मागून कार्यक्रमपत्रिकेत ती छापावीच लागली, इतके लोक यायला लागले. ती हसत नाही, आवाज खाली-वर करत नाही, उन्हात उभं करून सगळं सांगते, आणि मध्येच कुणी फोनवर बोललं तर फेरी थांबवून त्याचं बोलणं संपेपर्यंत त्याच्याकडे बघत राहते.

मागच्या महिन्यात समितीकडून तिला पत्र आलं. फेरीतील भाषा सौम्य ठेवावी, काही अभ्यागतांच्या व कुटुंबांच्या भावना दुखावतात, अशी विनंती. तिनं ते गुरुवारी सोबत आणलं. मुलींची नावं सांगून झाल्यावर चष्मा लावला आणि पन्नासेक माणसांसमोर ते पत्र पहिल्या ओळीपासून सहीपर्यंत खणखणीत आवाजात वाचून दाखवलं. मग विचारलं, "कुणाच्या भावना दुखावल्या, हात वर करा."

एकही हात वर झाला नाही. तिनं पत्राची घडी घातली आणि कबरींच्या पुढच्या रांगेकडे चालायला लागली.